यवतमाळचं ते लग्न आणि ‘एलजीबीटी-फ्रेंडली’ देशांचं गणित: एकट्यानं फिरायला निघण्याआधी काय बघायचं?

३० डिसेंबर २०१७. यवतमाळ शहरातल्या एका हॉटेलात लग्न लागलं. नवरदेव मूळचा यवतमाळचा, आयआयटी मुंबईत शिकलेला, अमेरिकेत नोकरीला. आणि समोर उभा होता तोही नवरदेवच, मूळचा व्हिएतनामचा. जानेवारी २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली आणि एरवी कापूस आणि शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत असणारा आमचा जिल्हा भलत्याच कारणानं देशभर झळकला.

तारीख नीट बघा. तेव्हा कलम ३७७ लागू होतं. समलैंगिक संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. म्हणजे या दोघांनी मंडपात हार घातले तर तो गुन्हा नव्हता, पण त्यापुढचा संसार मात्र कायद्याच्या पुस्तकात गुन्हा होता. तरीही लग्न झालं, पाहुणे आले, जेवणावळ उठली. सर्वोच्च न्यायालयानं ३७७ मधला हा भाग रद्द केला तो त्यानंतर आठ महिन्यांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

आता तुम्ही म्हणाल, फिरायला जाण्याचा आणि या लग्नाचा काय संबंध?

संबंध असा, की आज इन्स्टा उघडलं की ‘टॉप टेन एलजीबीटी-फ्रेंडली देश’ असे रील्स धडाधड समोर येतात. समुद्र, मंदिरं, इंद्रधनुषी झेंडे. आणि यवतमाळ, वणी, पुसद, दारव्ह्यात बसून तो रील बघणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला वाटतं, एकदा तरी असं कुठंतरी जाऊन यावं, जिथं आपल्याला लपायला लागणार नाही. पण कायदा एक सांगतो, समाज दुसरंच वागतो आणि कागदपत्रं तिसरंच बोलतात, हे यवतमाळच्या त्या लग्नानं आधीच दाखवून दिलंय. प्रत्येक देशात हे तिन्ही वेगवेगळं तपासावं लागतं. कसं, तेच समजून घेऊया.

पहिला प्रश्न: तिथं तुम्ही गुन्हेगार आहात का?

सगळ्यात आधी हेच बघायचं. कारण आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या जाहिरातीत हमखास असणारी नावं घ्या: दुबई, मालदीव, मलेशिया, श्रीलंका. या चारही ठिकाणी समलैंगिक संबंध आजही गुन्हा आहेत. मलेशियात तर २० वर्षांपर्यंत कैद आणि फटक्यांची तरतूद आहे.

श्रीलंकेचं उदाहरण जास्त बोलकं आहे. देश उबदार, आपल्याला जवळचा, देवळं आणि स्तूपांनी भरलेला. पर्यटकांच्या वाट्याला तिथला कायदा सहसा येत नाही, पण दंडसंहितेतली कलमं ३६५ आणि ३६५-अ अजून शाबूत आहेत. ती काढण्यासाठी २०२३ मध्ये संसदेत विधेयक आलं. ते घटनाविरोधी नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तरीही कायदा काही बदलला नाही. २०२५ मध्ये एलजीबीटी पर्यटकांचं स्वागत करण्याच्या एका उपक्रमाला तिथल्या पर्यटन प्राधिकरणानं पाठिंबा दिला, तर त्यावरून केवढा वाद झाला. म्हणजे सरकारच्या एका खात्याला पाहुणे हवेत आणि दुसऱ्या हातात तोच जुना कायदा आहे.

बालीचं काय? बाली इंडोनेशियात येतं. तिथं बहुतांश भागात समलैंगिकता हा थेट गुन्हा नव्हता. पण डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली नवी दंडसंहिता लग्नाबाहेरच्या सगळ्याच शरीरसंबंधांना गुन्हा मानते, आणि ती जानेवारी २०२६ पासून लागू झालीये. तक्रार फक्त जोडीदार, आईवडील किंवा मुलंच करू शकतात, त्यामुळे पर्यटकांना धोका कमी आहे. पण समलिंगी लग्न तिथं होतच नाही, म्हणजे समलिंगी जोडपं कायमच ‘लग्नाबाहेरचं’, हे ओघानं आलंच.

हे सगळं आलं कुठून?

इथं थोडा इतिहास. मलेशिया, श्रीलंका, सिंगापूर आणि भारत यांच्या कलमांचे आकडेसुद्धा सारखे किंवा जवळचे का? कारण मूळ एकच. इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता केली, त्यात ३७७ घातलं आणि तोच नमुना बाकीच्या वसाहतींत नेला. आज ‘ही आमची संस्कृती नाही’ असं म्हणून ज्या कायद्याची पाठराखण होते, तो कायदाच मुळात बोटीतून आलेला आहे.

आता ‘फ्रेंडली’ म्हणून गाजणारे देश बघा. थायलंड कधीच कोणाची वसाहत नव्हतं, आणि तिथला असा कायदा १९५६ मध्येच गेला. व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं, आणि फ्रान्सनं हा गुन्हा १७९१ मध्येच पुस्तकातून काढला होता. नेपाळवरही इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं. मोकळेपणाचं सगळं श्रेय इतिहासाला देता येणार नाही. या देशांतल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिलाय. पण त्यांना निदान ३७७ पासून सुरुवात करावी लागली नाही. सिंगापूरला ती करावी लागली. त्यांनी ३७७-अ काढलं ते २०२२ च्या शेवटी, आणि त्याच वेळी लग्नाची व्याख्या न्यायालयात बदलली जाणार नाही अशी घटनादुरुस्तीही करून ठेवली.

दुसरा प्रश्न: कागदावर तुम्ही कोण आहात?

गुन्हा नाही म्हणजे हक्क आहे, असं नसतं.

थायलंडनं २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर केला. आग्नेय आशियातला असा हा पहिला देश. परदेशी जोडप्यांनाही तिथं नोंदणी करता येते. मात्र दोन भारतीय तिथं लग्न करून परत आले, तर भारतात त्या कागदाला मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सुप्रियो खटल्यात लग्नाचा मूलभूत हक्क नाही असा निकाल दिला आणि निर्णय संसदेवर सोडला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

थायलंडमध्येही सगळं आलबेल नाही. ज्या देशाची ओळखच जगभर ट्रान्स महिलांमुळे झालीये, तिथं ट्रान्स व्यक्तीला ओळखपत्रावरचं लिंग बदलून देणारा कायदा अजून नाही. जाहिरातीत चेहरा त्यांचा, कागदावर मात्र जुनीच नोंद.

व्हिएतनाममध्ये समलिंगी लग्नाच्या समारंभावरची बंदी १ जानेवारी २०१५ ला उठली, पण सरकार त्या लग्नाला मान्यता देत नाही. म्हणजे यवतमाळच्या त्या लग्नाची तिथल्या नियमाशी मोजदाद केली तर उत्तर तेच येतं: मंडप घाला, नोंद मागू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं मात्र समलैंगिकता हा आजार नाही आणि त्यावर ‘उपचार’ करू नयेत, असं डॉक्टरांना स्पष्ट कळवलं.

नेपाळ तर आपल्याला व्हिसाशिवाय जाता येणारा देश. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच समान हक्कांचा निकाल दिला, आणि २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिल्या अशा विवाहाची नोंद झाली. पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकणाऱ्याला खिशाला परवडणारा हा पर्याय आहे. फक्त ‘उबदार’ हवं असेल तर पोखरा बघा, आणि थंडीत स्वेटर विसरू नका.

तिसरा प्रश्न: काउंटरवर काय होतं?

खरी परीक्षा हॉटेलच्या काउंटरवर असते. आणि इथं भारतातली गंमत वेगळीच आहे.

दोन मुलं किंवा दोन मुलींनी एक खोली घेतली तर आपल्याकडे सहसा कुणी भुवई उंचावत नाही. ‘मित्र-मित्र आलेत’ म्हणून किल्ली मिळते. पण एकटी मुलगी आली, की ‘एकट्याच आहात का? कशासाठी आलात?’ सुरू होतं. ट्रान्स व्यक्तीच्या आधारवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळला नाही, की खोल्या अचानक ‘फुल’ होतात. त्याच शहराचं आधार कार्ड असेल तर ‘लोकल आयडी चालत नाही’. म्हणजे आपल्याकडे समलिंगी जोडप्याला खोली मिळते ती ते जोडपं आहे हे कुणाला दिसत नाही म्हणून. याला सोय म्हणा हवं तर, मोकळीक म्हणता येणार नाही.

कायदा काय सांगतो? अविवाहितांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. कोइम्बतूरच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. पण हॉटेल मालक स्वतःचं धोरण ठरवतो. जानेवारी २०२५ मध्ये ओयोनं मेरठपासून सुरुवात करत अविवाहित जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागण्याचं धोरण आणलं, ते आठवत असेल. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात सेवा नाकारण्यावर बंदी आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

आणि जोडीदार परदेशी असेल तर? हॉटेलला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला द्यावी लागते. छोट्या शहरांतली अनेक लॉजेस ही कटकट नको म्हणून परदेशी पाहुण्याला सरळ नाही म्हणतात. त्यामुळे आधी फोन करून विचारा. नकार आलाच, तर तो दरवेळी तुमच्या नात्यालाच असतो असं नाही.

एकट्यानं जाताना खरी भीती कशाची?

‘एकटा जीव सदाशिव’ म्हणायला ठीक आहे. पण घरी सांगताना ‘कावून बे, एकटाच?’ हा प्रश्न येतोच, आणि मुलगी असेल तर ‘कोणासंगं चालली?’ आधी येतो. घरच्यांना चोरीची, अपघाताची भीती असते. घरी अजून काही न सांगितलेल्या मुलाची भीती वेगळी असते: तिकडे काही झालंच, तर घरी फोन कोण करणार आणि काय सांगणार?

ही भीती अनाठायी नाही. हॉस्पिटल असो की पोलीस ठाणं, फोन जातो तो ‘जवळच्या नातेवाईकाला’. भारतात जोडीदार या व्याख्येत बसत नाही. केंद्रानं २०२४ मध्ये काही पावलं उचलली: संयुक्त बँक खाते उघडायला आणि खात्यात जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, रेशन कार्डावर एकाच घरातले म्हणून नोंद करता येईल, असं कळवलं. उपयोगी आहे, पण परदेशातल्या आयसीयूच्या दारात त्याचा काही जोर चालत नाही.

म्हणून निघण्याआधी एवढं करा:

• ज्याला तुमच्याबद्दल सगळं माहीत आहे अशा एका माणसाला तुमचा मुक्काम, तिकीट आणि विम्याचा नंबर देऊन ठेवा. फोनमध्ये आणि पाकिटात आपत्कालीन संपर्क म्हणून त्याचं नाव लिहा.

• प्रवास विमा घ्याच. देश बदलताना विमान मध्ये कुठं थांबतं तेही बघा. दुबईत विमान बदलणार असाल तर तिथला कायदा तेवढ्या वेळापुरता तुम्हालाही लागू असतो.

• डेटिंग अ‍ॅपवर भेटायचं ठरलं तर पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी. खोट्या प्रोफाइलवरून बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळण्याचे प्रकार भारतात वारंवार समोर आलेत. असं झालं तर पैसे देऊ नका. तुमचं नातं आता गुन्हा नाही, खंडणी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. ११२ किंवा सायबर तक्रारीसाठी १९३० वर फोन करा.

• परदेशात अडकलात तर तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर आधीच सेव्ह केलेला हवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

• बोलायला कुणी हवं असेल तर आपल्याला सगळ्यात जवळ नागपूरचा सारथी ट्रस्ट. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. तसंही विमान पकडायचं तर यवतमाळवरून सहसा नागपूरलाच जावं लागतं.

• व्हिसाचे नियम सतत बदलतात. रीलवर विश्वास न ठेवता त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर बघा.

मग ‘फ्रेंडली’ म्हणजे काय?

पर्यटकाशी प्रेमानं वागणं सोपं असतं. तो पाच दिवसांनी पैसे खर्चून निघून जातो. थायलंडचं पर्यटन खातं ‘गो थाय, बी फ्री’ अशी मोहीम चालवतं, त्यात व्यवसाय आहे आणि त्यात गैर काही नाही. पण देशाची खरी पारख करायची तर तिथल्याच एखाद्या लहान गावातल्या मुलाला काय मिळतं ते बघा. घर भाड्यानं मिळतं का? जोडीदार आजारी पडला तर सही करता येते का? ज्या देशात ही उत्तरं ‘हो’ आहेत, तिथं पाहुणाही सुरक्षित असतो. जिथं फक्त समुद्रकिनाऱ्यावर झेंडा आहे, तिथं झेंड्यापासून दोन किलोमीटर आत गेलं की नियम बदलतात.

हीच फूटपट्टी स्वतःलाही लावून बघूया. ते जोडपं आज पुन्हा यवतमाळला आलं तर ३७७ ची भीती नाही. हॉटेल मिळेल, हार घालता येतील, जेवणावळही उठेल. पण विवाह नोंदणी कार्यालयात गेले तर उत्तर २०१७ चंच मिळेल. बँकॉकमध्ये मात्र तेच दोघं रांगेत उभे राहून लग्नाचा दाखला घेऊन बाहेर पडू शकतात.