कार्यकर्ता उद्योजक होतो तेव्हा

जानेवारी महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन दिवस येतात. स्वामी विवेकानंदांची जयंती, १२ जानेवारी, ही १९८५पासून देशभर राष्ट्रीय युवा दिन म्हणून साजरी होते. १६ जानेवारी हा राष्ट्रीय स्टार्टअप दिन म्हणून २०२२ साली घोषित झाला. २०१६मध्ये याच तारखेला ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेचा प्रारंभ झाला होता. पहिला दिवस तरुणाला सांगतो, समाजासाठी उभा राहा. दुसरा सांगतो, स्वतःच्या पायांवर उभा राहा आणि इतर चौघांच्या हाताला काम दे. दोन्ही आवाहने थोर आहेत. पण ती दोन्ही मनापासून ऐकणारा महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र पेचात सापडतो.

असा विद्यार्थी आज जवळजवळ प्रत्येक शहरात भेटतो. सकाळी तासिका, दुपारी शुल्कवाढीविरुद्ध निवेदन, सायंकाळी शाखेची किंवा संघटनेची बैठक. आणि रात्री दोन मित्रांसह गावातील व्यापाऱ्यांसाठी संकेतस्थळे तयार करण्याचा छोटासा व्यवसाय. ज्या दिवशी मोर्चा, नेमके त्याच दिवशी ग्राहकाला काम पूर्ण करून द्यायचे असते. मोर्चाला गेला तर ग्राहक दुरावतो. न गेला तर ‘याचे आता कामात लक्ष नाही’ असा शेरा ऐकावा लागतो. घरी आईवडिलांच्या लेखी ही दोन्ही कामे म्हणजे नसते उद्योगच! या ओढाताणीत अखेर बळी जातो तो अभ्यासाचा, म्हणजे ज्यासाठी तो महाविद्यालयात आला त्याचाच.

समाजकार्य आणि उद्योग हे मुळात एकमेकांचे वैरी आहेत काय? इतिहास तसे सांगत नाही. १९०५ साली फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. परंतु होळी विझल्यावर प्रश्न उरतोच : विदेशी वस्तू टाकली, तिच्या जागी आपली कोणती? त्या प्रश्नाला उत्तर देण्याची धडपडही त्याच काळातली. पैसा फंडाच्या रूपाने लोकांकडून पैसा-पैसा गोळा झाला आणि तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकमान्यांचे पाठबळ या कार्याला होते. चळवळ आणि कारखाना ही तेव्हा एकाच देशकार्याची दोन अंगे होती. आजच्या तरुणाच्या मनात दोन्ही ओढी एकाच वेळी जाग्या होत असतील, तर तो त्याचा दोष नव्हे. तो वारसा आहे.

चूक होते ती समतोलाच्या कल्पनेत. समतोल म्हणजे दररोज अभ्यास, संघटना आणि व्यवसाय यांना सारखा वेळ वाटून देणे, असे अनेकजण समजतात. तशी तारेवरची कसरत महिना-दोन महिने निभते. परीक्षा, आंदोलन आणि ग्राहकाची घाई एकाच आठवड्यात आली की ती कोसळते. खरा समतोल दिवसाच्या तासांत नसून वर्षांच्या क्रमात असतो. डेक्कन महाविद्यालयात शिकताना टिळकांनी आपले पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी दिले. आधी काय आणि मग काय, हे ठरवले. त्या कमावलेल्या शरीराने पुढे मंडालेचा कारावास सोसला. एका वर्षी एक प्रमुख जबाबदारी आणि बाकीच्या दुय्यम, हे सूत्र आजही तितकेच उपयोगी आहे.

नियमही हेच सुचवतात. विद्यार्थी संघांच्या निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने केलेल्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये लागू केल्या. त्यानुसार उमेदवाराची किमान उपस्थिती विद्यापीठाने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यांपैकी जी अधिक ती हवी. परीक्षेचा विषय थकलेला नसावा. आणि पदाधिकारी होण्यासाठी निवडणूक लढवण्याची संधी एकदाच मिळावी. याउलट, २०१९च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात उद्यमी विद्यार्थ्याला उपस्थितीत सवलत आणि व्यवसायासाठी एखादे सत्र वा वर्ष अभ्यासातून रजा घेण्याची सोय सुचवलेली आहे. वरवर पाहता या दोहोंत विरोध दिसतो. प्रत्यक्षात त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. जो विद्यार्थ्यांच्या वतीने बोलतो, त्याने विद्यार्थ्यांमध्ये बसले पाहिजे. ज्याला व्यवसायासाठी वर्गाबाहेर राहायचे आहे, त्याने त्या वर्षी पद दुसऱ्याकडे सोपवावे.

येथे संघटनांनीही आत्मपरीक्षण करायला हवे. पद सोडणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय अनेक ठिकाणी जडलेली आहे. किती तास दिले, यावरून निष्ठा मोजली जाते. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेला घडवणारे यशवंतराव केळकर हे मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कार्यकर्ते उभे केले. उपजीविका आणि ध्येय एका आयुष्यात सुखाने नांदू शकतात, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा? एखादा शहरमंत्री वर्षभरासाठी दायित्वातून मोकळे होण्याची विनंती करतो, तेव्हा त्याला निरोप देऊ नये. त्याला सल्लागार म्हणून जवळ ठेवावे आणि त्याच्या जागी नवा कार्यकर्ता उभा करावा. ज्या शाखेत एक माणूस गेला की काम थांबते, तेथे दोष जाणाऱ्याचा नसून दुसरी फळी न घडवणाऱ्यांचा असतो.

मात्र एका बाबतीत तडजोड नको. वेळेची अदलाबदल करता येते, विश्वासाची करता येत नाही. संघटनेसाठी गोळा केलेली नावे आणि दूरध्वनी क्रमांक व्यवसायाच्या जाहिरातीसाठी वापरणे, कार्यक्रमाच्या फलकांची छपाई आपल्याच भागीदाराला देणे, प्राचार्यांकडे विद्यार्थ्यांचे निवेदन घेऊन जायचे आणि येताना स्वतःच्या कामाचा शब्द टाकून यायचे, या गोष्टी छोट्या वाटतात. पण सार्वजनिक जीवनातील मोठ्या भ्रष्टाचाराची मुळाक्षरे येथेच गिरवली जातात. मोर्चाला शंभरजण येतात ते नेत्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणून नव्हे, त्याच्या निःस्वार्थपणावर भरवसा ठेवून. तो भरवसा एकदा विकला गेला की कोणत्याही नफ्यातून परत विकत घेता येत नाही. दोन वह्या वेगळ्या, दोन खाती वेगळी आणि ज्या निर्णयात स्वतःचा लाभ आहे त्या बैठकीतून उठून जाण्याची सवय, एवढे पथ्य पहिल्या दिवसापासून पाळावे.

पालकांनीही धीर धरावा. तीन-चार वर्षांत एकदा सभा चालवलेला आणि एकदा तोट्याचा हिशेब स्वतः लिहिलेला मुलगा किंवा मुलगी पदवीबरोबर आणखी काही घेऊन बाहेर पडते. त्यांना एवढेच विचारावे : या वर्षी पहिले काम कोणते? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी तयार आहे, त्याच्याबद्दल चिंता करण्याचे कारण नाही. देशाला घोषणा देणारे कंठ हवेत आणि उद्योग उभारणारे हातही हवेत. ते एकाच देहात असतील तर उत्तमच. अट एवढीच की, त्या हाताने त्या कंठाची किंमत वसूल करू नये.