मामा शोधा, पण फेसबुकवर नको

नाशिककरांनो, मिल्ट्रीतला मामा शोधायला त्याचा फोटो, नंबर, युनिट, पोस्टिंगचं गाव, सगळंच टाकताय? वर ‘जय जवान’ म्हणत धडाधड शेअर! अहो, गाव कळू नये म्हणून तर जवानाच्या पत्त्यात 56 एपीओ असतं. 2020 मध्ये लष्कराने जवानांना फेसबुकसकट 89 ॲप काढायला लावली, ती काय गंमत म्हणून?

तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे. मराठा रेजिमेंटचं बेळगावला. तिथे लेखी अर्ज करा, नातं लिहा. रिटायर झाला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पत्ता मागू नका, आपली चिठ्ठी पुढे पाठवा म्हणा. भेटायचं की नाही ते मामाला ठरवू द्या. आणि साहेबलोकहो, अर्जाला उत्तर तेवढं वेळेत द्या.