हौस आणि हुन्नर

मराठीत ‘हौस’ हा एक गोड शब्द आहे. तो तुमच्या ‘हवस’ या शब्दावरूनच आला; पण उर्दूत ‘हवस’ म्हणजे लालसा आणि मराठीत ‘हौस’ म्हणजे मनापासूनची आवड. गाव बदलले की शब्दांचाही स्वभाव बदलतो! ‘हुन्नर’ मात्र तुमच्या ‘हुनर’सारखाच राहिला. संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची हौस अनेकांना असते. ती हुन्नर केव्हा बनते आणि त्यावर पोट केव्हा भरते, याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

“सर, हे काम इंग्रजी शाळेतल्या मुलांचे,” हे वाक्य मी संगमनेरमध्ये पुष्कळदा ऐकले आहे. मला ते मुळीच पटत नाही. एखादा प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हे नाव नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून पडले. त्यांना कुठे इंग्रजी येत होते? तुम्हांला मात्र थोडे शिकावे लागेल, हे मी लपवणार नाही. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की संगणक बहुधा इंग्रजीतच तक्रार करतो. पण त्याचे शब्द थोडे असतात आणि तेच तेच पुन्हा येतात.

मलाही ही हौस होती. बी.एड. झाल्यावर मी रात्री जेवणे आटोपली की पायथन ही संगणकाची भाषा शिकत बसे. काही महिन्यांनी मी वर्गातील चाचण्यांचा निकाल तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गुण भरायचे, कळ दाबायची, की सर्वांची सरासरी आणि पास-नापास क्षणात समोर! मी इतका खूश झालो, की यादी न तपासताच वर्गाबाहेर लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. त्या घरी विड्या वळतात. काम टाकून आल्या होत्या. म्हणाल्या, “सर, माझी मुलगी आजारी होती. ती नापास कशी झाली?” मी कागद काढला. पाच चाचण्या होत्या, प्रत्येकी २० गुणांच्या. मुलीला विषमज्वर झाला होता, म्हणून तिने तीनच दिल्या होत्या. गुण होते ९, ८ आणि ७. बेरीज २४. आमच्या नियमाप्रमाणे दिलेल्या चाचण्यांचीच सरासरी काढायची, म्हणजे २४ भागिले ३, बरोबर ८. पास होण्यास ७ गुण पुरेसे होते. पण माझ्या प्रोग्रॅमने रिकाम्या दोन जागा शून्य धरल्या आणि २४ ला ५ ने भागले. उत्तर आले ४.८.

“आपा, चूक माझी आहे,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “ज्या दिवशी आम्ही कामच केले नाही, त्या दिवसाच्या विड्या कोणी खराब म्हणून मोजत नाही, सर.”

जी गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती, ती त्यांनी एका वाक्यात सांगितली. दुरुस्ती दोन ओळींची होती : जागा रिकामी असेल, तर ती मोजू नकोस. पण ती मुलगी एक संपूर्ण दिवस सर्वांसमोर नापास ठरली होती, ते मला पुसता आले नाही. तोवर मी माझ्या आनंदासाठी लिहीत होतो. त्या दिवसापासून दुसऱ्यासाठी लिहू लागलो. माझ्या मते हौस आणि हुन्नर यांच्यामधली सीमा इथेच आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणून ती ओलांडता येत नाही. २००१ साली सुरू झालेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आपल्याकडे अनेकांनी केला. संगणक वापरायला तो शिकवतो, आणि ते चांगलेच आहे. पण प्रोग्रॅम लिहिणे हे निराळे काम आहे.

या हुन्नरावर पोट भरते का? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांचे उदाहरण घ्या. पुण्यात इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात ते वरकाम करीत. काम करता करता त्यांनी ॲनिमेशन शिकून घेतले. पुढे चित्रांचे काम करताना त्यांच्या लक्षात आले, की तेच तेच नमुने पुन्हा पुन्हा बनवण्यात फार वेळ जातो. म्हणून ते पायथन आणि सी प्लस प्लस या भाषा शिकले आणि तयार नमुन्यांचा उद्योग उभा केला. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा घरी इंटरनेट नीट मिळेना. मग टेकडीवरच्या गोठ्यात त्यांचे कार्यालय थाटले गेले. वर्तमानपत्रे त्यांना मिळालेल्या पैशांविषयी अधिक लिहितात. मला त्यांचा कंटाळा अधिक मोलाचा वाटतो! ज्या कामाचा कंटाळा येतो, तेच संगणकाला शिकवण्यासारखे असते.

हौस लहान आहे म्हणून लाजू नका. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हेलसिंकीहून कळवले होते, की आपण केवळ छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत. तीच पुढे लिनक्स झाली. तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी ती आहे.

आता तर सांगितले की प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे आली आहेत. “मग आम्ही का शिकायचे?” असे तुम्ही विचाराल. पण गैरहजर आणि नापास यांतला फरक त्या यंत्राला सांगणार कोण? आणि त्याने चूक केली, तर त्या आईसमोर उभे कोण राहणार?

तुमच्याजवळ तर एक जादा गोष्ट आहे. तुम्ही उजवीकडून डावीकडे वाचता आणि डावीकडून उजवीकडेही. आमच्या ग्रंथालयात उर्दू आणि मराठी पुस्तके एकाच कपाटात आहेत. दोन्हींची एकच यादी करायला मी बसलो, तेव्हा नावे कोणत्या क्रमाने लावायची, अलिफ-बेच्या की अ-आ-इ-ईच्या, इथेच अडलो. त्यात एका ओळीत दोन्ही लिप्या आल्या, की आकडे आणि कंस भलत्याच जागी जाऊन बसत. ती यादी अजून वहीतच आहे. तुमच्या शाळेतील यादी कशी आहे, एकदा ग्रंथपालांना विचारून पाहा.