नाण्याला मागील बाकी ठाऊक नसते

सलग पाच वेळा छापा पडला की सहाव्या खेपेस काटा पडणारच, अशी अनेकांची मनोमन खात्री असते. त्यात हिशेबात मुरलेली माणसेही असतात! गणित मात्र असे कोणतेही आश्वासन देत नाही.

दक्षिण आफ्रिकेत अध्यापन करणारे गणितज्ञ जॉन केरिच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी एक नाणे 10,000 वेळा उडवून निकालांची नोंद ठेवली. (बंदिवासातही नोंदवही सुटली नाही, हे विशेष.) सैद्धांतिक संभाव्यतेनुसार निम्म्या वेळा छापा अपेक्षित होता. प्रत्यक्षात पहिल्या 100 फेकींत तो 44 वेळा, 1,000 फेकींत 502 वेळा आणि अखेरीस 5,067 वेळा पडला. प्रायोगिक संभाव्यता 44 टक्क्यांवरून 50.67 टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याच्या अगदी निकट आली.

येथवर सारे पाठ्यपुस्तकाप्रमाणे झाले. परंतु निम्म्यापासूनचा फरक पाहावा. 1,000 फेकींअखेर छापे केवळ 2 ने अधिक होते, 10,000 अखेर 67 ने! नाण्याने जादा छाप्यांची परतफेड केली नाही. फेकींची संख्याच इतकी वाढली की तो फरक टक्केवारीत नगण्य ठरला. भरपाई आणि विरलेपण या दोन गोष्टींची गल्लत जुगाऱ्याला फार महागात पडते.

18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोच्या द्यूतगृहात रुलेटची गोळी सलग 26 वेळा काळ्या घरात पडली. आता लाल येणे क्रमप्राप्तच, असे मानून खेळणारे लालवर पैसे वाढवत गेले आणि गमावत गेले. चाकावर लाल 18, काळी 18 आणि शून्याचे एक, अशी 37 घरे असतात. सव्विसाव्या काळ्यानंतरही लालची संभाव्यता 37 पैकी 18 एवढीच होती.

एका आकड्यावर पैसे लावून जिंकल्यास 35 पट नफा मिळतो. घरे मात्र 37. रुपयामागे सरासरी सुमारे 2.7 पैसे मालकाचे. प्रयोग सिद्धांताकडे सरकतो हे खरेच, पण लाखो फेऱ्यांचा हा प्रयोग मालक करत असतो. खेळणाऱ्याची रक्कम बहुधा त्याआधीच संपते.

शाळेत नाणे उडवण्याचा प्रयोग करून घेताना टक्केवारीच्या रकान्याशेजारी फरकाचा रकानाही आखून घ्यावा. विद्यार्थ्यांना तो फुगताना प्रत्यक्ष दिसेल.