पाहुण्या आवाजासाठी जागा

सातपुड्यातील काठीची राजवाडी होळी रात्रभर ढोलांच्या नादात जागते आणि पहाटे पेटते. बावा, बुध्या, त्यांच्या कमरेचे घुंगरू, मोठाले ढोल आणि बासऱ्या यांनी डोंगर दुमदुमून जातो. ज्यांनी तरुणपणी हे ढोल खांद्याला लावले, त्यांतले कितीतरी जण आज अंगणातल्या खाटेवर बसून तो नाद दुरून ऐकतात. हात थकलेले असतात, दम पुरत नाही. नाद ओळखणारा कान मात्र अजून जागा असतो.

उतारवयातील पुष्कळ माणसांची अवस्था अशीच असते. सांगण्यासारखे मनात खूप असते, पण आवाज क्षीण झालेला असतो आणि शब्द वेळेवर सापडत नाही. मग घरातली माणसे त्यांच्या वतीने बोलू लागतात. पाहुण्याने ‘आजोबा, कसे आहात?’ असे विचारले की उत्तर सून देते किंवा मुलगा देतो. हेतू मायेचाच असतो. तरीही आजोबांचा आवाज त्या घरातून दिवसागणिक वजा होत जातो. हा आवाज परत कसा आणावा, याचा विचार आज जरा दूरच्या वाटेने करू. ही वाट आहे सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कलावंतांची आणि त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांत पाहुणे म्हणून बोलावलेल्या गायकांची.

फुंकर आणि गळा

बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. वाद्याचे अंग पितळी असले तरी त्याचा जीव तोंडाशी बसवलेल्या एका पातळ पट्टीत असतो. वेळूसारख्या पोकळ गवताची ही पट्टी वादकाच्या श्वासाने थरथरते आणि नाद जन्मतो. आपल्या डोंगरपट्ट्यात वाजणारी पावरी आणि पालघरकडचा तारपा यांची जातकुळी हीच. आपल्या गळ्यातही असेच घडते. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने स्वरतंतू थरथरतात आणि आवाज उमटतो. आल्टो सॅक्सोफोनचे मूळ स्वर साधारण १४० ते ८३० हर्ट्झ या टप्प्यात असतात. मानवी गाण्याचे बरेचसे स्वरही याच टप्प्यात येतात. वयानुसार कानांची श्रवणशक्ती उतरते तेव्हा आधी अतिउंच स्वर हरवतात, मधल्या पट्टीतले स्वर बहुधा अधिक काळ टिकतात. म्हणून हे वाद्य अनेक वृद्धांना कानाला सोयीचे वाटते.

वाढत्या वयात स्वरतंतू पातळ होतात, त्यांच्या कडा एकमेकींना पुरत्या भिडत नाहीत आणि मधून हवा निसटते. छातीच्या पिंजऱ्याची लवचीकताही कमी होते. त्यामुळे आवाज कापरा आणि पोकळ होतो, वाक्य संपण्याआधी श्वास संपतो. यात माणसाची बुद्धी कमी झालेली नसते, केवळ फुंकर कमी झालेली असते. घरच्यांनी हा भेद ओळखला तरी अर्धे काम होते.

मुंबईची गायिका, टेक्ससचा वादक

ऑर्नेट कोलमन हे जॅझमधले बंडखोर सॅक्सोफोनवादक. जन्म १९३० मधला, टेक्सस राज्यातल्या फोर्ट वर्थचा. ठरलेल्या चौकटी बाजूला सारणाऱ्या त्यांच्या संगीतावर आरंभी पुष्कळ टीका झाली. पुढे २००७ मध्ये त्यांना संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण केले. त्यातल्या दोन गाण्यांसाठी त्यांनी पाहुणी गायिका म्हणून निवडले ते मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांना. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा या दोहोंचे शिक्षण त्यांनी घेतले होते. नृत्याच्या शिष्यवृत्तीवर त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे गायिका म्हणून नावारूपाला आल्या. पुढे सोल आणि डिस्को संगीतातही त्यांनी स्वतःची वाट काढली. वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावरही त्या रंगमंचावर गाताना दिसल्या, ही आपल्या वाचकांना उमेद देणारी गोष्ट.

ती दोन गाणी ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. भोवती वाद्यांचा मोठा मेळा आहे, तरी गायिकेचा दीर्घ, संथ स्वर त्यात बुडत नाही. वाद्ये त्याच्या सोबतीने चालतात, त्याला वाट देतात. हा अल्बम ज्याच्या नावाचा, तो वादकच पाहुण्या आवाजापुढे आपला हट्ट आवरतो. मात्र एक सूचना आवश्यक आहे. या अल्बमचे एकंदर संगीत अस्वस्थ करणारे आणि दाट आहे. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा संध्याकाळी ज्यांची बेचैनी वाढते, अशांना ते ऐकवू नये.

अडखळणारा गळा

अशा ज्येष्ठांसाठी ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांचा ‘वाइनलाइट’ हा १९८० चा अल्बम अधिक सौम्य आहे. त्यात सहाच रचना असून पाच केवळ वाद्यांच्या आहेत. उरलेल्या एका गाण्यात सोल गायक बिल विदर्स हे पाहुणे आहेत. ‘जस्ट द टू ऑफ अस’, म्हणजे ‘केवळ आपण दोघे’, असे त्याचे नाव. अल्बमवर ते सात मिनिटांहून मोठे आहे. विदर्स गातात तेव्हा सॅक्सोफोन मागे सरतो, त्यांच्या ओळी संपल्या की पुढे येतो, आणि मध्ये पोलादी पिंपाच्या वाद्याची झुळूक येऊन जाते. कोणीही कोणाचे वाक्य तोडत नाही. १९८२ च्या ग्रॅमी पुरस्कारांत या अल्बमचा आणि या गाण्याचा, दोहोंचाही गौरव झाला.

या विदर्स यांची कथा आपल्या विषयाशी फार जवळची आहे. वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा-खाणींच्या गावात १९३८ मध्ये त्यांचा जन्म झाला. बालपणापासून ते बोलताना अडखळत. ही अडचण त्यांना वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत पुरली. नऊ वर्षे नौदलात काढून, मग कारखान्यात काम करत त्यांनी गाणी रचली आणि पहिला अल्बम आला तो तिशी उलटल्यावर, १९७१ मध्ये. आजीच्या हातांवरचे त्यांचे प्रसिद्ध गाणे त्याच अल्बममधले. ज्याला बोलताना शब्द सापडत नव्हते, त्याचा गाणारा आवाज पुढे जगाने डोक्यावर घेतला.

बोलणे आणि गाणे यांचे मेंदूतील मार्ग पूर्णपणे एक नाहीत. डाव्या मेंदूला पक्षाघाताचा झटका बसून वाचा गेलेल्या व्यक्तीला स्वतःचे नावही सांगता येत नाही, पण लहानपणी पाठ झालेली आरती ती गाऊ शकते, असा अनुभव अनेक घरांत येतो. याच निरीक्षणाच्या आधारे बोस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ मध्ये सुरांच्या साहाय्याने बोलणे शिकवण्याची उपचारपद्धती मांडली. ती प्रशिक्षित वाचा-उपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावी. घरी गाणे म्हणणे हा तिला पर्याय नव्हे, पूरक आधार आहे.

परदेशी अल्बम परका वाटत असेल तर आपल्या ओळखीचा सॅक्सोफोनही आहे. ‘काश्मीर की कली’ (१९६४) या चित्रपटात मद्यालयातल्या प्रसंगी महंमद रफी यांच्या आवाजाभोवती जो सॅक्सोफोन घुमतो, तो मनोहारी सिंग यांचा. रफींची ओळ संपते तिथे वाद्य बोलू लागते. ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांच्या कानांत तो अजून असेल.

घरातली जुगलबंदी

या सर्वांतून काळजीवाहकांनी घ्यावयाचा धडा एकच: यजमान वादकाप्रमाणे आपण थोडे मागे सरावे. आपण घर चालवतो, औषधे देतो, निर्णय घेतो. अल्बम आपल्या नावाचा असला तरी पाहुण्या आवाजासाठी त्यात जागा राखून ठेवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

१. गाणे ज्येष्ठांच्या आवडीचे निवडा. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी स्मरणात खोल रुजलेली असतात. कोणाची ती होळीची असतील, कोणाची ओवी, नाट्यगीत वा भावगीत.

२. दूरदर्शन संच बंद करा. समोर, उजेडात, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. श्रवणयंत्र असेल तर लावलेले आहे ना, हे पाहा. आवाज बेताचा ठेवा.

३. ओळखीची ओळ म्हणा आणि शेवटच्या शब्दापूर्वी थांबा. मनात दहापर्यंत मोजा. शब्द आला नाही तर नुसता ठेका, हुंकार किंवा मानेची हालचालही उत्तर म्हणून स्वीकारा. चुकीचा शब्द आला तर सुधारू नका.

४. तोच नियम बोलण्यालाही लावा. कोणी त्यांना प्रश्न विचारला तर त्यांच्या आधी उत्तर देऊ नका.

५. दम लागत असेल तर गाण्याआधी श्वासाचा सराव करा. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या, दिव्यावर हलकी फुंकर घालावी तसे ओठ चंबूसारखे करून चार अंकांपर्यंत सोडा. जोर लावू नका. दमा वा फुप्फुसांच्या जुनाट विकारात गायनाचा काही उपयोग होतो असे दिसते, परंतु अभ्यास लहान आहेत. इनहेलर आणि औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणेच चालू राहिली पाहिजेत.

६. चक्कर आली, धाप वाढली, छातीत दुखले किंवा चेहऱ्यावर त्रास दिसू लागला तर लगेच थांबा. एखादे गाणे दुःखद आठवणही जागवते. तेव्हा हात हातात घेऊन नुसते शांत बसावे.

काळजीवाहकांसाठी आणखी एक विनंती. दिवसातून एखादे गाणे केवळ स्वतःसाठी ऐका. सॅक्सोफोनवादकालाही दोन स्वरांमध्ये श्वास घ्यावाच लागतो.

केव्हा थांबू नये

आवाज हळूहळू क्षीण होणे वेगळे आणि अचानक जाणे वेगळे. बोलणे एकाएकी बोबडे झाले, चेहऱ्याची एक बाजू लोंबली किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा आणि व्यक्ती शेवटची ठणठणीत केव्हा दिसली ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन केल्यानंतर. काठी, मोलगी वा धडगावच्या पाड्यांवरून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला बराचसा वेळ जातो. म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, विशेषतः तंबाखू वा विडीची सवय असलेल्यांत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून गळा तपासून घ्यावा. अन्न वा पाणी गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

ही काळजी घेतल्यावर उरते ते रोजचे काम, आणि ते सोपे आहे. आज संध्याकाळी घरातल्या ज्येष्ठांना एक प्रश्न विचारा: ‘तुमच्या लहानपणी गावात कोणते गाणे म्हणत?’ आणि मग, कितीही वेळ लागला तरी, उत्तर त्यांनाच देऊ द्या.