काहील, नाला आणि आमचे आप्पा

परवा शनिवारी घरी कोल्हापूरला गेलो होतो. संध्याकाळी आप्पांबरोबर पंचगंगेच्या घाटावर बसलो आणि नेहमीप्रमाणे वाद सुरू झाला. आप्पा पक्के परंपरावादी. पर्यावरण म्हटलं की त्यांचं कपाळ आठ्यांनी भरतं. आणि गंमत म्हणजे हल्ली मीच त्यांच्या पार्टीत चाललोय :)

आपल्याकडे समज असा की पर्यावरण हा झोळीवाल्या पुरोगाम्यांचा प्रांत. मला उलटं वाटतं. वाडवडिलांनी ठेवलेलं मोडू नये, पुढच्यांसाठी राखावं, आणि आपल्या दारातलं आपण ठरवावं, हीच तर जुन्या वळणाच्या माणसाची मतं. दाजीपूरचं जंगल संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, म्हणून १९५८ साली त्याचं अभयारण्य करता आलं. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालाला विकासविरोधी म्हणून सगळ्यांनी झोडपलं. पण ग्रामसभांना विचारून ठरवा, हे त्यातच होतं. यापेक्षा परंपरावादी काय असतं?

आता विसर्जनाचंच बघा. मूर्तीदानाची मोहीम आली तेव्हा आप्पा भडकले होते. "देव काय दान द्यायची वस्तू हाय व्हय रं?" पुढे काही वर्षांनी गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी गुऱ्हाळातली काहील आणून कोपऱ्यावर ठेवली, पाणी भरलं, आरतीला टेबल मांडलं. आप्पांनी मूर्ती तीनदा बुडवली, डोळे पुसले आणि पोरांच्या हातात दिली. पुढे ती इराणी खाणीत जाते हे त्यांना ठाऊक होतं. पण सांगणारी पोरं घरची होती. (मूर्तीदानवाल्यांनी आधी शिव्या खाल्ल्या म्हणून काहील आली, हेही खरंच.)

पण मूर्ती वर्षातून एकदा. जयंती नाला रोजचा. तो अडवून, उपसून पाणी कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचं अशी व्यवस्था आहे. पंप बंद पडले किंवा जोराचा पाऊस झाला की मैलापाणी बंधाऱ्यावरून थेट नदीत. इथं मंडळ काय करणार? महापालिकाच हवी. आणि आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षं प्रशासक! या काळात २०२१ चा महापूर येऊन गेला. प्रशासक हुशार असेल, पण त्याची बदली होते. नगरसेवकांबद्दल माझा काही गोड गैरसमज नाही. टेंडर, गटर, कमिशन... सगळं माहीत आहे. तरी त्याला चहाच्या गाडीवर गाठून चार माणसांत विचारता येतं. ऑफिसात आम्ही म्हणतो, ज्याला रात्री दोनला फोन जातो तोच कोड नीट लिहितो. तसंच हे.

इतकं सगळं मी आप्पांना ऐकवलं. ते खुश झाले. "म्हंजे कोर्ट नको, प्रदूषण मंडळ नको. आमचं आम्ही बघतो."

इथं मी अडकलो. कारण नाला आमचा असला तरी पाणी पुढे जातं. इचलकरंजी, मग शिरोळ तालुका, मग नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. त्या लोकांनी कोल्हापूरच्या कुठल्या नगरसेवकाला गाठायचं? त्यांचं इथं मतच नाही. तिथं वरचा कायदा लागतोच, आणि माझ्यासारख्या 'स्थानिक, स्थानिक' म्हणणाऱ्याने ते आधी कबूल करायला हवं.

आप्पा दर पौर्णिमेला वाडीला जातात. स्नान करून तीर्थ घेतात. म्हटलं, "आप्पा, तुमचं तीर्थ आपल्याच नाल्यावरून येतंय."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चल, आई वाट बघत असंल."

काल आईचा फोन होता. या पौर्णिमेलाही गेले म्हणे वाडीला. स्नान केलं. तीर्थ मात्र घरच्या तांब्यातलं नेलं होतं.