पायऱ्यांवरची पहिली दहा मिनिटे

नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगी सिद्धक्षेत्री २०१६ साली भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठा झाली. १०८ हाच क्रमांक राज्यात २०१४ पासून रुग्णवाहिकेचाही आहे. मात्र ती रुग्णवाहिका शिखरांच्या पायऱ्या चढू शकत नाही. तेथे रुग्णाजवळ असतात ते डोलीवाले आणि सहयात्रेकरू.

हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णाला सपाट जागी निजवावे, छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा, दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावा. हे वाचून येत नाही. प्रशिक्षणात पुतळ्यावर हात चालवावा लागतो.

उपवास धरून चढणाऱ्या मधुमेही वडीलधाऱ्यांची गोष्ट अधिक नाजूक. गोळी घेतलेली आणि पोट रिकामे, तर साखर उतरते. दरदरून घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. शुद्ध असेल तर तत्काळ साखर द्यावी, नसेल तर तोंडात काहीही घालू नये. अशा वेळी व्रताचे काय करायचे, हा निर्णय घरच्यांनी डॉक्टरांना विचारून घरीच घ्यावा. अर्ध्या डोंगरावर तो घेता येत नाही.

संघयात्रेच्या जमाखर्चात बस, स्वयंपाकी, डोली यांच्या रकमा चोख असतात. प्रथमोपचार शिकलेल्या चार तरुणांचा खर्च मात्र क्वचितच दिसतो. चौघांपैकी एक सर्वांत मागे चालणारा असावा. थकलेले मागेच राहतात.